सगुणाची तीन अक्षरं

नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा धाकू कोळ्याने एक पाटी आणून सुनेपुढे ठेवली आणि म्हणाला, "शीला, सगुणा कसा लिवतान, मना दाखव."

शीलाचे पिठाचे हात परातीतच थांबले. सगुणा तिची सासू. आठ महिने अंथरुणाला खिळून चैत्रात गेली. तेव्हापासून ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या त्या दोन खोल्यांत सासरे दिवसाला चार-पाच शब्द बोलत, तेही मांजराशी.

"होडीवर नाव घालायचंय का, बाबा? मग पेंटरला सांगू की. झोकात काढील."

"पेंटरची कोन व्हती ती?" धाकूने विचारलं.

शीलाने हात धुतले आणि पाटीवर 'स' काढला.

बासष्ट वर्षांत धाकूच्या हातात कधी पेन्सिल आली नव्हती. 'स' दोन दिवसांत जमला. 'गु'चा उकार भलतीकडे वळायचा. 'णा'ने मात्र त्याला रडकुंडीला आणलं.

"या णाला तीन-तीन काठ्या कशाला? जाला लावाचाय काय खाडीन?"

"दोन अक्षराच्या, एक कान्याची."

"एक कमी केली तं कोनाला कललं?"

"आईंना कळेल," शीला म्हणाली. मग धाकू मुकाट्याने तिसरी काठी काढू लागला.

त्याचा मुलगा महिपत हे सगळं दारातून बघत होता. तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये होता. आई गेल्यापासून तो तिथे गरजेपेक्षा जास्तच थांबायचा. त्याच्याकडे सध्या एकच काम होतं. सिलिकाची पिठाहून हलकी पांढरी पूड वेगवेगळ्या द्रावणांत कालवायची आणि ते किती वाहतं ते बघायचं. टर्पेंटाइनमध्ये ती पूड कवडी दह्यासारखी बसायची. ढवळली की सैल, ठेवली की पुन्हा घट्ट. तेवढीच पूड स्पिरिटमध्ये घातली तर ताकासारखी पळायची. महिपतने दोन वह्या भरल्या होत्या. घरी जेवतानासुद्धा तो कढीची वाटी तिरपी करून बघायचा. शीलाने त्यावरून त्याला बोलणं सोडून दिलं होतं.

वडिलांशी बोलायचं म्हटलं की त्याची जीभ उचलत नसे. म्हणून त्याने साहेबांची परवानगी घेऊन तीच पूड घातलेल्या नव्या पांढऱ्या रंगाचा एक डबा घरी आणला.

"बा, आमच्या लॅबमधला रंग आहे. उभ्या फळीवर लावा, एक ओघळ येणार नाही. माझी गॅरंटी."

"बरा," धाकू म्हणाला.

महिपतला आणखी सांगायचं होतं. पण म्हातारा पाटीकडे वळला होता.

सोमवारी महिपत कामावर गेला आणि धाकू खाडीवर. ताडपत्रीखालच्या निळ्या होडीवर, जीभ दातांत धरून, दोन तास खपून त्याने तीन अक्षरं काढली. तिन्ही काठ्यांसकट. लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं आणि चैत्रानंतर पहिल्यांदा पोटभर जेवायला घरी गेला.

परत आला तेव्हा शेजारची बायजा मासळीची पाटी खाली ठेवून होडीसमोर उभी होती.

"नाखवा, अक्षरांना दाढ्या फुटल्यान क रं!"

खरंच फुटल्या होत्या. 'स' खाली गळला होता, उकार होडीच्या बुडापर्यंत पोचला होता आणि 'णा'च्या काठ्या किती ते आता कोणालाच सांगता आलं नसतं. धाकूने घाईघाईने खांद्यावरच्या पंच्याने पुसायला घेतलं. पुसलं तसं नाव आणखी पसरलं. पंचा पांढरा, हात पांढरे, मग घाम पुसला तर कपाळही पांढरं. संध्याकाळी महिपत आला तेव्हा वडील तसेच होडीला टेकून बसले होते.

"तुजी ग्यारंटी," धाकू एवढंच म्हणाला.

महिपतला रात्रभर ते दोन शब्द टोचत राहिले. सकाळी उरलेल्या रंगाचा डबा पिशवीत घालून तो थेट आगाशे साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, रंग ओघळतोय. माल पाठवू नका."

आगाशे साहेब मुख्य केमिस्ट. त्यांनी चष्मा काढला. दारात ट्रक उभा होता, निम्मा भरून झाला होता. तो पुन्हा उतरवला. लॅबमधल्या सगळ्यांनी जेवण सोडून प्रत्येक डबा उघडला, पत्रे रंगवून भिंतीला उभे केले आणि त्यांच्याकडे टक लावून बसले. चार वाजेपर्यंत एकाही पत्र्यावरून एक थेंब हलला नाही.

"महिपत, घरी कुणी त्यात काही मिसळलं का?"

"वडिलांनी लावलाय, साहेब. त्यांना रंगातलं काय कळतंय? ते कशाला काय मिसळतील?"

साहेबांनी पिशवीतला डबा उघडला, नाकाशी नेला आणि महिपतपुढे धरला. झाकण बंद असताना न आलेला तो वास आता सरळ त्याच्या नाकात गेला. स्पिरिट.

वाहतं कशात आणि बसतं कशात, हे अख्ख्या कारखान्यात सगळ्यात जास्त त्याला माहीत होतं.

घरी पोचताच तो वडिलांवर ओरडलाच. "बा, स्पिरिट का घातलंत? आख्खा ट्रक खाली करायला लावला मी! विचारायचं तरी!"

"डबा उगडला तं रंग खरवसावानी बसलेला. मना वाटला, नासला. तू येवडा हौसेन आनलास, तुला कसा सांगू? सुताराकरचा पॉलिशवाला घालते स्पिरिट, मंग मी पन घातला."

"पण घरात स्पिरिट आलं कुठून?"

"तुजे आयचा. पाठीला जखमा व्हत्या ना, रोज पुसाचो. अर्दी बाटली रायली. फेकवत नव्हती. बोललो, तिचे नावाला तरी लागंल."

महिपत खाली बसला. त्या आठ महिन्यांत आईची पाठ त्याने एकदाही बघितली नव्हती. तेव्हाही तो डोंबिवलीतच उशिरापर्यंत थांबत होता. शीलाने दिवा लावला, दोघांपुढे चहा ठेवला आणि ती आत निघून गेली.

"माझंच चुकलं, बा," शेवटी तो म्हणाला. "दोन वह्या लिहिल्या. तुम्हाला एक वाक्य सांगितलं नाही."

रविवारी दोघांनी मिळून फळी खरवडली, निळ्या रंगाचा हात दिला. बुधवारी महिपतने रजा काढली आणि नवा डबा उघडला.

"यो पन बसला," धाकू म्हणाला.

"बसू दे. नुसता ढवळा."

धाकूने काठी फिरवली. रंग सैल झाला. हात थांबवला, तर थोड्या वेळात पुन्हा घट्ट. त्याने दोनतीनदा करून बघितलं.

"तुजी आय अशीच व्हती. बोलत रायलं का नरम. गप बसलं का घट्ट."

मग त्याने नाव काढलं. महिपत बाजूला नुसता उभा राहिला. एकही अक्षर जागचं हललं नाही.

पौर्णिमा झाली. पुढच्या आठवड्यात मच्छीमार सोसायटीत होडीचा कागद नवा करायचा होता. कारकुनाने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला.

"अंगठा नको. सही करतो," धाकू म्हणाला. त्याने पेन घेतलं आणि जीभ दातांत धरून, अजिबात घाई न करता लिहिलं.

कारकुनाने कागद फिरवून वाचला. "नाखवा, तुमचं नाव धाकू ना? इथे तर सगुणा लिहिलंय."

"मना येवडाच येतं."

महिपत गडबडीने पॅड ओढायला गेला. कारकुनाने त्याचा हात थांबवला. सगुणाला तोही ओळखत होता. त्याने कागदावर शिक्का मारला.

"सही काही का असेना, नाखवा. फक्त दर वर्षी हीच पाहिजे. बदलून चालणार नाही."

"आता कशाला बदलंल?" धाकू म्हणाला.