डेलामावशीचं अर्धं गाणं

डेलामावशी शेंगा मोडता मोडता तीन माणसं मारते. एक तलवारीनं, एक विषानं आणि एक नुसत्या विरहानं. गाताना चेहऱ्यावरची रेष हलत नाही. शेवटचा माणूस गेला की पातेलं माझ्यापुढे सरकवते. "दोरे नीट काढ गं. गेल्या खेपेला दातात अडकले."

स्टेट कॉलेज नावाच्या गावात आमच्याच बिल्डिंगमध्ये ती खालच्या मजल्यावर राहते. वय अठ्ठ्याहत्तर. मूळची वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली. तिच्या पूर्वजांनी स्कॉटलंडहून येताना आणलेली गाणी घराण्यात आईकडून लेकीकडे येत राहिली. मी तिला मावशी म्हणायला लागले, तेव्हा तिनं आधी अर्थ विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमनला बजावलं की आपल्याला आता असंच म्हणायचं.

गाण्यातल्या लोकांबद्दल ती शेजारपाजारच्यांसारखं बोलते. कुठल्याशा जुन्या सरदाराचा विषय निघाला की नाक मुरडते. "त्याला आईनं सांगितलं होतं, त्या घोड्यावर बसू नकोस म्हणून."

शिकवायची तिची रीत एकच. समोरासमोर खुर्च्या, गुडघ्याला गुडघा. ती एक ओळ म्हणणार, आपण तीच म्हणायची. कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. गाताना हात हलवले की चापट. अमुक ओळ अशी का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आमच्या आईनं असंच दिलंय."

एक गाणं मात्र ती अर्धंच गाते. मुलगी घर सोडून बोटीत बसते, वादळ येतं, तिचा भाऊ घोडा पिटाळत किनाऱ्यावर पोचतो, आणि चौदाव्या कडव्याला मावशी गप्प.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढचं ओपलचं."

ओपल ही तिची धाकटी बहीण. दोघींनी एकत्र बसावं म्हणून आईनं हे गाणं त्यांच्यात वाटून दिलं होतं. आई गेल्यावर तिच्या बिडाच्या तव्यावरून भांडण झालं, तवा ओपलनं नेला, आणि अकरा वर्षं दोघी बोलल्या नाहीत.

मला राहवेना. बोट बुडाली की नाही? इंटरनेटवर धुंडाळलं, तर दुसऱ्या एका घराण्यात ती बुडाली होती. मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "ती त्यांची बोट."

ओपलचा नंबर मावशीच्या फ्रिजवर अजून चिकटवलेला होता. तो मी टिपून घेतला. माझा नवरा मंदार म्हणाला, "यार, त्यांचा फॅमिली मॅटर आहे. तू कशाला इन्व्हॉल्व होतेस?" पण मी नागपूरची. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे विचारणं म्हणजे माया. मी फोन लावला.

ओपलनं सगळं ऐकून घेतलं. "सुरुवात डेलाकडे आहे," ती म्हणाली. "मी नुसता शेवट कुणापुढे गाऊ? अकरा वर्षांत तोंडातून काढला नाही."

हे मी भीत भीत मावशीच्या कानावर घातलं. आता ही माझ्याशीही बोलणं सोडणार, असं वाटलं. तिनं शेंगांचं पातेलं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मंदारला शनिवारी सुट्टी असते ना?"

शनिवारी मंदारनं आम्हाला गाडीनं नेलं. ओपलच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवलेल्या होत्या. कुणी माफी मागितली नाही, तव्याचा विषय निघाला नाही. मावशीनं आपली चौदा कडवी म्हटली. ओपलनं पंधरावं उचललं आणि दुसऱ्या ओळीला अडखळली. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच अडली. तिनं मान खाली घातली.

"गेलं गं," ती म्हणाली. "आईनं दिलेलं मी घालवलं."

हे गाणं आता कुणाकडेच नाही, असं मला वाटून गेलं.

मावशीनं खुर्ची पुढे ओढली, गुडघ्याला गुडघा लावला आणि अडलेली ओळ हलक्या आवाजात म्हटली. ओपलनं ती म्हटली. मग त्याच्या पुढची. मावशीला सगळं येत होतं. अकरा वर्षं ती शेवट माहीत असून गप्प बसली होती, कारण तो बहिणीचा होता. त्यांच्या घराण्यात बोट बुडत नाही, हेही मला तेव्हाच कळलं, पण तोवर माझं बोटीकडे लक्ष राहिलं नव्हतं. मी सरळ रडत होते.

एकोणिसावं कडवं झालं. मावशी मागे टेकून बसली.

"आता तू एकटी म्हण," ती धाकट्या बहिणीला म्हणाली. "कितीतरी वर्षांत ऐकलं नाही मी."