ताडाच्या नावचं सरपण

पेत्रोग्रादच्या सरपण कचेरीत वनस्पती उद्यानातली वार्वारा ल्वोव्हना तिसऱ्यांदा तेच सांगत होती आणि प्रोखोर चुगुनोव साहेब तिसऱ्यांदा तेच ऐकत नव्हते.

"अहो कॉम्रेड, साठ वर्षांचा ताड आहे. काचघर तापलं नाही तर आठवड्यात मरेल."

"झाडाला सरपण? बाई, झाड म्हणजेच सरपण! उद्या कुऱ्हाडवाले पाठवतो. तुमचंही भागेल, आमचंही."

तो ताड, शास्त्रीय नाव लातानिया, वार्वाराच्या वडिलांनी बी पेरून वाढवला होता. वडील गेले, भाऊ लढाईत गेला. घरचं म्हणावं असं आता हे झाडच उरलं होतं.

"मग सरपण मिळतं तरी कुणाला?"

"जो जिथे राहतो, तिथे त्याला. शास्त्राचं माणूस असेल तर दुप्पट. घ्या अर्ज."

वार्वारा जन्मात खोटं बोलली नव्हती. तिने अर्जही खराच भरला. नाव: लातानिया. वास्तव्य: मोठं काचघर. वनस्पतिशास्त्राशी संबंध: जन्मापासून. क्रांतीपूर्वी काय करत होता: उभी होते. परदेशात नातेवाईक: पुष्कळ, पत्रव्यवहार नाही. बंदिवास: साठ वर्षे, एकाच जागी.

चुगुनोवने शेवटची ओळ वाचली आणि त्याचे डोळे भरून आले. "साठ वर्षं! काय छळलं हो झारने माणसांना!" त्याने धाडकन शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाल्यांऐवजी लाकडांची गाडी आली. पाठोपाठ शास्त्रज्ञांचा शिधा आला, आठवड्याला दोन खारे हेरिंग मासे.

"बाईंना मासे चालतात का हो?" म्हातारा माळी येफीमने ताडाकडे बघत विचारलं.

"नाही चालत."

"मग मी आणतो चाकू."

काय दिवस होते ते! पोटात वऱ्याची पेज, बोटं निळी पडलेली, पण त्या काचघरात बसून खाल्लेल्या माशाची चव वार्वाराला पुढे कुठल्याच मेजवानीत सापडली नाही. आठवण निघाली की ती हसायची.

पण सुख लागतंय कुठे! कामगार क्लबाने लातानियाबाईंना तुरुंगाच्या आठवणी सांगायला बोलावलं. "त्या बोलत नाहीत," वार्वाराने कळवलं. "वाचाच गेली बिचारीची!" सभा हळहळली आणि बाईंना एकमताने मानद अध्यक्ष नेमून मोकळी झाली. आता अध्यक्षच शनिवारच्या श्रमदानाला बर्फ उपसायला फिरकत नाहीत म्हटल्यावर तक्रार झाली. चौकशीला खुद्द चुगुनोव आला.

आत पाऊल टाकताच त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. त्याने कोट काढला, मग टोपी, मग मफलर.

"कुठायत बाई?"

वार्वाराने बोट वर केलं. चुगुनोव छतापर्यंत बघत गेला.

"ही?"

"हीच. अर्जात एक अक्षर खोटं असेल तर सांगा."

"आणि मासे?"

येफीमने खाकरून खिडकीबाहेर पाहिलं.

चुगुनोव बाकावर बसला आणि लिहू लागला. लिहितोय आपला लिहितोय! वार्वाराला कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायला लागले. तिने ताडाच्या बुंध्याला हात लावला आणि मनातल्या मनात वडिलांची माफी मागितली. शेवटी कागद तिच्या हातात आला.

"रहिवासी एक, जागा दहा माणसांची. नियमानुसार एवढी जागा एकट्या व्यक्तीस ठेवता येत नाही. सबब सदर जागेत आणखी एक रहिवासी घालण्यात येत आहे: कॉ. प्रोखोर चुगुनोव."

"माझ्या खोलीत शाईसुद्धा गोठते हो बाई," तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

त्याच दुपारी तो वळकटी घेऊन आला. काचघराचं सरपण त्या हिवाळ्यात एक दिवसही चुकलं नाही.

आठवड्याभराने सरपण कचेरीत वार्वाराच्या अक्षरात एक तक्रार दाखल झाली: "नवीन रहिवासी मोज्यांऐवजी गुंडाळायच्या आपल्या ओल्या पायपट्ट्या माझ्या पानांवर वाळत घालतात. बंदोबस्त व्हावा. आपली, लातानिया."

चुगुनोवने ती दोनदा वाचली, कानापर्यंत लाल झाला, शिक्का मारला आणि स्वतःला लेखी समज दिली.