आवडीची बढती

चष्म्याच्या दुकानदाराला साधी सोनेरी बियर आवडत होती. ही गोष्ट त्याने कधी कोणापासून लपवली नाही, कारण ती लपवण्यासारखी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून तो घरी यायचा, बायको दोन ग्लास घेऊन गॅलरीत यायची, पहिल्या घोटाला दोघं एकदमच "हां!" म्हणायची आणि आठवडा संपायचा. एवढंच त्याचं सुख होतं, आणि त्याला ते पुरून उरत होतं.

मग मेहुण्याने त्याला कोपऱ्यावरच्या नव्या बियरघरातल्या रुचिविकास मंडळात नेलं. तिथे बियर मागच्याच खोलीत, छोट्या टाक्यांमधून, थोडी थोडी बनत असे. मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य होते. समोरच्याचं तोंड भरलेलं असताना प्रश्न विचारायची त्यांना सवय होती.

"काय आवडतं आपल्याला?"

दुकानदाराने घोट गिळला. "साधी. सोनेरी."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून."

अध्यक्षांनी मेहुण्याकडे गंभीरपणे पाहिलं. "फार उशिरा आणलंत. तरी प्रयत्न करू."

जिभेला हाड नसतं म्हणतात. मंडळाने तिला कणा द्यायचं मनावर घेतलं होतं. नियम असा की दर हंगामात प्रत्येक सदस्याची आवड एक पायरी पुढे सरकली पाहिजे. गेल्या हंगामात आवडलेलीच बियर याही हंगामात आवडणे यास 'रुचिस्थगिती' म्हणण्यात येई व ते गैरवर्तन समजलं जाई.

पहिला हंगाम कडू बियरचा होता. दुकानदाराने पहिला घोट घेतला आणि त्याला लहानपणी आजारी असताना पाजलेली सगळी औषधं एकदम आठवली. पण माणूस चिकाटीचा. नाक दाबून, डोळे मिटून, त्याने ती आवडून घेतली. शेवटच्या आठवड्यात तर त्याला ती खरोखरच बरी वाटू लागली, आणि आनंदाने तो मंडळात सांगायला गेला.

"भाऊजी, हळू बोला," मेहुणा दटावत म्हणाला. "कडू आता कोण पितं? आंबट आलंय!"

आंबट अंगवळणी पडेपर्यंत धुरकट आलं. धुरकट, म्हणजे विझलेल्या चुलीत भिजत ठेवल्यासारखं, घशाखाली उतरेपर्यंत मंडळ खारटावर पोचलं होतं. प्रत्येक वेळी वरातीमागून घोडं. अखेर त्याला समज देण्यात आली की, 'सदस्याची आवड प्रामाणिक असली तरी वेळेवर नसल्याने ग्राह्य धरता येत नाही.'

घरी गॅलरीत बायको एकटीच बसू लागली. सोनेरी बियर घरात ठेवायला त्याने मनाई केली होती. मेहुणा अचानक आला तर शोभा व्हायची.

"अहो, पण तुम्हाला नक्की आवडतं तरी काय?" तिने एकदा विचारलं.

"या हंगामातलं विचारतेस की पुढच्या?"

दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'हे बरं की ते बरं?' विचारणारा हा माणूस. त्याला स्वतःला आता सगळंच सारखं दिसत होतं, आणि तो मनातून घाबरला होता.

आणि मग ती बातमी आली. मंडळाने प्रदीर्घ विचारविनिमयाअंती पुढची, सर्वोच्च पायरी जाहीर केली: साधी, सोनेरी.

दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. पळतच तो बियरघरात गेला. अध्यक्षांनी ग्लास पुढे केला. पहिल्याच घोटाला त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "हां!"

"का?" अध्यक्षांनी विचारलं.

"का म्हणजे? आवडली."

"आवडली म्हणून आवडली?" अध्यक्षांचा स्वर थंड झाला. "हे तर कोणीही सांगेल. रस्त्यावरून जाणारा सांगेल. साधं आवडणं दोन प्रकारचं असतं. अडाण्याचं आणि पोचलेल्याचं. आपण सगळ्या पायऱ्या चढून साध्यापर्यंत आलात, की मुळात तिथून हललाच नाहीत?"

सगळी खोली त्याच्याकडे पाहू लागली. मेहुण्याने मान खाली घातली.

तो नापास झाला. पण चिकाटी होतीच. पुढच्या खेपेला त्याने ग्लास उजेडात धरला, वास घेतला, ग्लास दोनदा गोल फिरवला आणि म्हणाला, "हिच्यात जे नाही, ते मला आता कळतं." टाळ्या पडल्या. त्याला पोचलेला घोषित करून त्याच बैठकीत परीक्षक नेमण्यात आलं.

त्या शनिवारी तो ताठ मानेने घरी आला. सोनेरीवरची बंदी उठवल्याचं त्याने जाहीर केलं. बायकोने लगबगीने दोन ग्लास भरले. किती दिवसांनी दोघं शेजारी बसली होती. तिने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हां!"

"का?" त्याने विचारलं.

बायकोने डोळे उघडले. मग दोन्ही ग्लास उचलून ती शेजारच्या घरी, जाऊबाईंकडे गेली. भिंतीपलीकडून दोघींचा "हां!" ऐकू आला. दुकानदाराला फार एकटं वाटलं. पण परीक्षक या नात्याने त्याने तो "हां!" अडाण्यांचा ठरवला.

आता तुमच्याकडे वळू. गोष्ट आवडली असेल तर लगेच मान डोलावू नका. अध्यक्ष दारात उभे आहेत, आणि नुसतीच आवडली असेल तर ते तुम्हाला आत घेणार नाहीत. काय सांगायचं ते तुम्ही आत्ताच मनात जुळवायला लागलात, तर मात्र अभिनंदन. तुमची निवड झाली आहे.