बाप्पाच्या मागे ब्रह्मांड

मखरामागचा टीव्ही झाकायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. शर्मिष्ठा म्हणाली, माझा लग्नातला शालू टाकू त्याच्यावर. मी म्हटलं, कशाला? त्या वेळी मी मुकाट्याने 'बरं' म्हटलं असतं, तर आज घरात माझ्याशी कोणीतरी बोलत असतं. पण नवऱ्याला वेळेवर 'बरं' म्हणता आलं असतं, तर जगातले निम्मे संसार सुखाचे झाले असते.

आधी त्या गेमबद्दल सांगतो. नाव सांगत नाही, त्यात कंपनीचीही लाज आहे आणि माझीही. मी सत्तेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसणारा, मुलुंडला वन-बीएचकेत राहणारा माणूस. अशा माणसाला अंतराळात जायची दुसरी काही सोय नाही. या गेमच्या जाहिरातीत काय नव्हतं? अगणित ग्रह, त्यांवर जंगलं, शहरं, आकाशात उडणारे अजस्र प्राणी. तो येणार, येणार म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघितली. ऑफिसात जेवताना लोक मुलांच्या अ‍ॅडमिशनबद्दल बोलायचे आणि मी या गेमबद्दल. (मग हळूहळू लोक दुसऱ्या टेबलावर जेवायला लागले.)

शेवटी एकदाचा तो आला. मी ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं आणि यान सुरू केलं. पहिल्या ग्रहावर दगड होते. दुसऱ्या ग्रहावर पोचायला अर्धा तास लागला आणि तिथेही तेच दगड होते, फक्त नारिंगी. तिसऱ्यावर एक प्राणी दिसला. बटाट्याला बकरीचं तोंड लावावं तसा तो दिसत होता आणि माझ्याकडे बघून 'ब्यॅ' करून एका दगडात घुसला. शहर नाही, जंगल नाही, माणूस नावाला नाही. त्या दिवशी माझं पोट खरंच बिघडलं.

नेटवर सगळ्यांनी शिव्या घातल्या. कंपनीने माफी मागितली आणि सांगितलं, मोठं अपडेट येतंय, धीर धरा. मी धरला. आमची मुलगी सई कॉलेजात आहे, तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती म्हणे, बाबा, फ्लॉप आहे तो, सोड ना. पण वाया गेलेल्या पोराची आई जशी 'मनाने चांगला आहे हो तो' म्हणत फिरते, तसा मी फिरत होतो. गेम सुधारणार, यावर माझी श्रद्धा होती. आणि श्रद्धेच्या भानगडीतच मी गणपतीपर्यंत पोचलो.

आमच्या घराण्याचा गणपती दीड दिवसाचा आणि तो बोरिवलीला, माझ्या थोरल्या भावाकडे. श्यामसुंदरदादा माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा, मी शेंडेफळ. त्याच्याकडे दोन मुलं, दोन सुना, नातवंडं असं गोकुळ आहे, आणि गोकुळावर जयंतीवहिनींचं राज्य. शर्मिष्ठा लग्न होऊन आली तेव्हापासून दर वर्षी बोरिवलीला जाऊन नारळ खवते. मखर वहिनींचं, पूजेचं ताट वहिनींचं, नैवेद्याचं पान वाढणार वहिनी, आणि हिच्या हातात खवणी. एकदा मला म्हणाली होती, "मिहिर, मला एकदा तरी माझ्या घरात बाप्पा हवाय रे." ती सहसा काही मागत नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

यंदा वहिनींचे गुडघे बोलायला लागले आणि वहिनी आपणहून म्हणाल्या, या वर्षी मुलुंडला करून बघा. नीट जमलं तर पुढेही तिथेच ठेवू. अर्थात शेवटचा शब्द दादाचा, कारण घराण्यात तो थोरला. पण दादा मुळात बोलतच नाही, त्यामुळे त्याचा शब्द कसा मिळवायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. शर्मिष्ठेने महिनाभर आधी तयारी सुरू केली. कागदाची कमळं केली, तांदळाची पिठी दोनदा दळून आणली, मला रजा टाकायला लावली. एवढं सगळं तिने केलं आणि माझ्या वाट्याला फक्त टीव्ही झाकायचं काम ठेवलं.

आमच्या हॉलला बाप्पा बसवण्याजोगी भिंत एकच, आणि तिच्यावर टीव्ही. मी म्हटलं, अगं, झाकतेस काय? बाप्पा ब्रह्मांडनायक ना? मग त्याच्यामागे ब्रह्मांडच दाखवू. मी गेम लावला, एका जांभळ्या ग्रहावर उतरलो आणि थांबलो. आकाशात दोन चंद्र, मागे कडं असलेला भलामोठा ग्रह, खाली दगड. शर्मिष्ठा हातातलं कमळ घेऊन बघत राहिली. म्हणाली, छान दिसतंय रे. त्या गेमला कोणी चांगलं म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

सईने मात्र बजावलं होतं. ती म्हणाली, बाबा, हा वॉलपेपर नाही, तुझा माणूस तिथे उभा आहे, त्याचा ऑक्सिजन संपत असतो. व्हिडिओ रेकॉर्ड कर आणि तो लाव. साधी, शहाणी सूचना होती. मी तिला म्हटलं, देवासमोर रेकॉर्डेड? काहीतरी लाइव्ह असू दे. (आमच्याकडे आरती मोबाइलवरच लावतात, हे मला त्या वेळी आठवलं नाही.)

चतुर्थीला सकाळी बोरिवलीची मंडळी आली. वहिनींनी कमळं बघितली, मोदकांच्या कळ्या बघितल्या, आणि काही बोलल्या नाहीत. वहिनी काही बोलल्या नाहीत म्हणजे पहिल्या वर्गात पास. जांभळ्या आकाशाकडे बघून त्यांनी हातसुद्धा जोडले. शर्मिष्ठा माझ्याकडे बघून हसली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे ते हसू ओळखायला मला जरा वेळ लागला.

आरती झकास झाली. टाळ होते, झांजा होत्या, माझा आवाज होता, त्यामुळे बाकी काही ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. मग सगळे हातात फुलं घेऊन मंत्रपुष्पांजलीला शांत उभे राहिले, आणि बाप्पाच्या मागून एक बाई थंडपणे इंग्रजीत म्हणाली की प्राणवायू संपत आला आहे.

वहिनींना वाटलं कोणाचा तरी मोबाइल. त्यांनी डोळे न उघडता भुवया चढवल्या. बाईने पुन्हा सांगितलं. मी गेमचा रिमोट शोधायला लागलो, तर तो दूर्वांच्या जुडीखाली, आणि दूर्वा दादापुढे. मंत्र चालू असताना मी गुडघ्यांवर रांगत निघालो. (दादाच्या धाकट्या सूनबाईंना वाटलं, काकांना भक्तीचा उमाळा आला. त्याही खाली बसल्या.) मी पोचायच्या आत पडदा लालभडक झाला आणि बाप्पाच्या मुकुटाच्या बरोबर वर टपोरी अक्षरं उमटली.

दादाची नात पहिलीत आहे. तिला नुकतंच इंग्रजी वाचता यायला लागलंय आणि तिच्या शाळेत मोठ्याने वाचायला लावतात. "आजी," ती म्हणाली, "तिथे 'यू आर डेड' लिहिलंय."

मंत्र थांबला. मी घाईघाईत रिमोटवरची जी मिळतील ती बटणं दाबली. माझा माणूस जिवंत झाला, पण तिसऱ्या ग्रहावर, आणि समोर तो बटाटा. त्याने पडदाभर तोंड आणून बाप्पाच्या खांद्यावरून आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि 'ब्यॅ' केलं.

"मिहिरभाऊजी," वहिनी फार हळू आवाजात म्हणाल्या, "गणपतीच्या मागे बकरा?"

शर्मिष्ठेने आतून शालू आणून टीव्हीवर टाकला. शालूखालून आणखी दोनदा 'ब्यॅ' ऐकू आलं, मग सईने वायर उपटली. फुलं वाहिली गेली. पण अक्षता टाकताना वहिनींचा हात जरा जोरात पडत होता.

मोदक अप्रतिम झाले होते, हे जेवताना मी एकट्यानेच तीनदा म्हटलं. हात धुताना वहिनी शर्मिष्ठेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तुझं काही चुकलं नाही गं, पुढच्या वर्षी बघू. आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे काय ते लहान मुलालाही कळतं. शर्मिष्ठा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी आत गेलो तर म्हणाली, "मला रडूही येत नाहीये, बघ. कंटाळा आलाय तुझा." मला रागावलेली बायको चालते, तिची सवय आहे. पण ही नुसती दमलेली होती, आणि मला खूप वाईट वाटलं. तो गेम त्या क्षणी माझ्यापुरता मेला.

दुपारी सगळे आतल्या खोलीत आडवे झाले. हॉलमध्ये बाप्पा, दादा आणि मी. दादा बराच वेळ त्या शालूकडे बघत होता. मग म्हणाला, काढ जरा ते. मला वाटलं आता माझी हजेरी घेणार. मी शालू काढला, वायर लावली, पुन्हा जांभळा ग्रह लावला, आवाज बंद ठेवला. त्याने चष्मा पुसला आणि रिमोट हातात मागितला. पुढे कसं चालायचं, ऑक्सिजन कुठून भरायचा, एवढं मी त्याला दाखवलं.

"इथं कोण राहतं?" त्याने विचारलं.

"कोणीच नाही, दादा. तीच तर बोंब आहे."

"त्या डोंगरापलीकडे?"

"तिथेही कोणी नाही. सगळीकडे नुसते दगड."

"म्हणजे मला इथं कोणी हाक मारणार नाही?" दादाने हे इतक्या हळू विचारलं की मला आधी कळलंच नाही. मी नाही म्हटलं आणि दादा चालायला लागला.

तुम्ही माझ्या दादाचं घर पाहिलेलं नाही. सकाळी वहिनींचं वाक्य सुरू होतं ते रात्री संपतं. मधल्या काळात सुना, मुलं, नातवंडं, टीव्हीवरची भांडणं. बँकेत होता तोवर निदान त्याला केबिनचं दार लावून घेता यायचं. निवृत्त झाल्यावर सकाळी एकटा फिरायला जातो म्हणाला, तर ज्येष्ठ नागरिक मंडळाने त्याला हास्यक्लबात ओढलं. असा तो माणूस चहा होईपर्यंत जांभळ्या दगडांतून शांतपणे चालत होता. वहिनींनी आतून तीनदा हाक मारली, तर त्याला ऐकूच आली नाही. त्याच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या मुलांच्या लग्नातही नाही.

मला एकदम साक्षात्कार झाला. गेम फसलेला नव्हताच. तो चुकीच्या माणसाच्या हातात होता. आम्ही लाखो लोकांनी ज्या रिकामेपणासाठी कंपनीला शिव्या घातल्या, तो या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. दुसऱ्या दिवशीही सकाळची पूजा आटोपल्यावर त्याने मला डोळ्यांनीच खूण केली आणि मी शालू बाजूला केला. कोणी काही विचारलं तर दादा म्हणे, बाप्पापाशी बसलोय. आणि ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळी उत्तरपूजा झाली. विसर्जनाला निघायच्या आधी दादाने घसा खाकरला. तो बोलणार आहे हे कळल्यावर सगळे चिडीचूप झाले. "गणपती," तो म्हणाला, "यापुढे मुलुंडलाच बसवायचा."

वहिनींनी त्याच्याकडे वळून बघितलं. पण त्यांचा हात गुडघ्यांवर गेला आणि त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं. मोदक मात्र छान होते गं शर्मिष्ठा. शर्मिष्ठेने दादाच्या पाया पडण्यासाठी वाकताना तोंडाला पदर लावला. आदल्या दिवशी न आलेलं सगळं रडू तिला आत्ता आलं. सईसुद्धा डोळे पुसत होती. हिच्या घरात बाप्पा आला होता आणि आता दर वर्षी येणार होता.

इथेही मला 'बरं' म्हणून गप्प बसता आलं असतं.

पण मला राहवेना. माझा गेम जिंकला होता आणि दादाचे उपकार फेडायचे होते. मी त्याच्या शेजारी जाऊन उत्साहाने सांगितलं, दादा, ही तर काहीच मजा नाही. मोठं अपडेट येतंय. पुढच्या गणपतीपर्यंत हा गेम ओळखू येणार नाही. आता तू एकटा नाही राहणार. मी येईन तुझ्या ग्रहावर, सई येईल, तुझी दोन्ही मुलं, सुना, अगदी वहिनीसुद्धा. कानाला हेडफोन लावले की सगळ्यांना सगळ्यांशी दिवसभर गप्पा मारता येतील.

दादाचा चेहरा बदलला. "ते बंद करता येतं?" त्याने विचारलं.

"छे, बंद कशाला करायचं? सगळ्यांची तीच तर मागणी होती."

दादाने त्या काळ्या पडद्याकडे एकदा बघितलं. मग बाप्पाला हात जोडले, जरा वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "जयंती, आपल्या बोरिवलीलाच बरं. परंपरा मोडू नये."

थोरल्याचा शब्द शेवटचा. आम्ही मूर्ती घेऊन नाक्यावरच्या कृत्रिम तलावावर गेलो. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायची वेळ आली तेव्हा शर्मिष्ठा निर्माल्याची पिशवी घेऊन दुसरीकडे वळली. बोरिवलीची मंडळी तिथूनच परस्पर गेली. जाताना दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

घरी आल्यावर शर्मिष्ठेने रिकामा पाट उचलला, कागदाची कमळं एकेक करून पिशवीत भरली, शालूची घडी घातली. मी मदतीला पुढे झालो तर तिने हातानेच थांबवलं. मग ती माझ्याकडे वळली.

"एवढं मोठं अंतराळ घरात आणलंस, मिहिर," ती म्हणाली, "त्यात तुला गप्प बसायला एक जागा मिळाली नाही?"