साहेबांची घंटा

कुलपांच्या कारखान्याच्या ऑफिसात नव्या साहेबांनी टेबलावर पितळी घंटा आणून ठेवली, तेव्हाच हेडक्लार्कनी आपली खुर्ची हळूच कपाटाआड सरकवली.

"आनंदाची बातमी आली की मी घंटा वाजवणार. मग सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, हुर्रे!"

"म्हणजे नेमकं काय हो, साहेब?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"अर्थ कसला विचारता? आनंद झाला की तोंडातून आपोआप निघतं ते."

हेडक्लार्कच्या तोंडातून आपोआप काहीच निघत नसे. बिचारे शिंकसुद्धा रुमालात गुंडाळून घरी नेत. मोठी ऑर्डर आली, घंटा वाजली, सगळे ओरडले आणि यांनी नुसते ओठ हलवले. साहेबांनी नेमकं तेच पाहिलं.

"तुमचं मनापासून येत नाही. बढतीच्या कागदावर सही हवी ना? मग जरा उत्साह दिसू दे!"

झालं! कित्येक वर्षं रखडलेली बढती आता एका आरोळीवर अडली. इकडे साहेबांना तर पंखा दुरुस्त झाला तरी आनंद होऊ लागला. घंटा ऐकून ऐकून ऑफिसचे कान किटले.

घरी बायकोने सूत्रं हातात घेतली. तिने चमच्याने ताटली वाजवायची, यांनी ओरडायचं. पहिल्याच आरोळीला शेजारच्या वहिनी धावत आल्या.

"काय झालं? भाऊजी न्हाणीघरात पडले की काय?"

"छे हो, आनंद झालाय त्यांना."

"अगं बाई! असा होतो?"

हळूहळू सवय अंगात इतकी मुरली, की रस्त्यावर दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजली तरी हे "हुर्रे!" करत. दूधवाला खूश. तो मुद्दाम थांबून वाजवू लागला.

एक दिवस साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. चेहरा पार उतरलेला.

"माझी बदली झालीय," ते कसेबसे म्हणाले आणि रुमाल काढताना कोपर लागून घंटा वाजली.

"हुर्रे!" हेडक्लार्क असे ओरडले की खिडकीची काच थरथरली. पाठोपाठ सगळं ऑफिस ओरडलं, अगदी पोटातून.

मग हेडक्लार्कनी पटकन तोंडावर हात धरला. गेली बढती!

साहेबांनी डोळे पुसले. "आज पहिल्यांदा मनापासून आलं तुमचं!" आणि कागद पुढे ओढून त्यांनी झोकात सही ठोकली. "बढती पक्की! मात्र तिकडे, माझ्या नव्या ऑफिसात. तिथल्या लोकांना हे शिकवायला तुमच्यासारखा माणूस हवाच मला."

त्यांनी आनंदाने घंटा वाजवली.

सगळं ऑफिस ओरडलं. हेडक्लार्कनी नुसते ओठ हलवले.