काचेखालचे म्हातारे

बाकीच्यांच्या टेबलांवर काचेखाली देव असायचे, मुलांचे फोटो असायचे, सुट्ट्यांची यादी असायची. म्हात्रेदादांच्या काचेखाली म्हातारे होते. साठ-सत्तर तरी असतील.

हे म्हातारे म्हणजे आम्हीच. वागळे इस्टेटमधली आमची कंपनी रबराची गास्केट बनवायची आणि म्हात्रेदादा तिथले टाइम ऑफिसचे क्लार्क. हजेरी, रजा, पगारातली कापाकापी, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, सगळं त्यांच्याकडे. नोकरीला लागताना चार पासपोर्ट फोटो द्यावे लागत. तीन फायलीत जात. चौथा दादा ठेवून घेत आणि जेवणाच्या सुट्टीत बॉलपेन घेऊन त्याच्या मागे लागत. कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली पिशव्या, गालांत खड्डे, समोरचा एक दात काळा. केसांना व्हाइटनर. मग तो फोटो समोर धरून म्हणत, "हा बग. हा तुज्यात ऱ्हातो. आता त्याला भूक नाय. पन साठीला तो उठनार, आनि त्याला कमावता येनार नाय. त्याचं जेवन आतापास्नं पाठवायचं."

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि डोक्यावर भरपूर केस होते. दादांनी मला टक्कल काढलं.

"टक्कल कशाला?"

"तुज्या बापाला नाय का?"

"आहे."

"मंग."

त्यानंतर अकरा वर्षं दादांनी मला "कसा आहेस" असं एकदाही विचारलं नाही. गेटवर, कँटीनमध्ये, मुतारीत, कुठेही भेटले तरी प्रश्न एकच. "सालवी, म्हातारा कसा हाय?" मी साळवी. दादा डोंबिवलीकडचे, आगरी. त्यांच्या तोंडी आमच्या आडनावातला ळ कधी आला नाही आणि आम्हीही त्याची वाट बघितली नाही.

दादांचं अर्थशास्त्र त्यांच्या डब्यात होतं. चार पुडांचा स्टीलचा डबा. नवीन पोरगा दिसला की तो उघडून दाखवायचे. "खालचा मोटा पूड, भात. तो पीएफ. तुज्या पगारातून जेवडं कापतात तेवडंच मालक वरून घालतो. फुकटचं जेवन सोडून उटनारा येडा असतो. त्याच्यावर डाल. ती बँकेत ठेवलेला सहा म्हैन्यांचा घरखर्च. नोकरी गेली, घरात आजारपन आलं, तर भाताला हात न लावता ही वरपायची. मंग भाजी. ती म्हंजे म्युच्युअल फंडातली एसआयपी, म्हैन्याला थोडी थोडी, कदी तिखट, कदी अलनी, पन रोज पायजे. आनि हा वरचा बारका पूड, लोनचं. हे शेअर. लोनच्यानं पोट भरायला गेलास तर आदी जीभ जाते, मंग पोट."

पोरगा डब्यात डोकावून विचारायचा, "पण दादा, यात तर सगळीकडे सुकटच आहे."

"ते बायकोनं भरलंय. मी काय सांगतंय ते ऐक."

घोलप नावाच्या फिटरला पीएफ काढून बाईक घ्यायची होती. कारण म्हणून आईचं आजारपण लिहून आणलेलं. आई आदल्याच दिवशी कंपनीत त्याचा विसरलेला डबा पोचवून गेली होती, भरभर चालत. दादांनी काचेखालून घोलपचा फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. "पैसे ह्याचे हायत. ह्याची सही आन." घोलप दोन दिवस शिव्या घालत हिंडला. शेवटी त्यानं कर्ज काढून बाईक घेतली. ती पुढे चोरीला गेली. पीएफ राहिला.

पगारवाढीच्या दिवशी दादा गेटवर कागद घेऊन उभे. "तुजा पगार वाढला, म्हाताऱ्याचा नको वाढवू?" कुणाचं लग्न झालं की पेढ्याआधी नॉमिनेशनचा कागद पुढे. एकदा नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत आम्ही सगळे उभे होतो, तर दादांनी पुढच्या अनोळखी बाईंना विचारलं, "मिश्टरांच्या पीएफला वारस म्हनून तुमचं नाव हाय ना, बगितलंय का?" बाई रांग सोडून गेल्या. "आता जाऊन बगतील," दादा म्हणाले.

खरं सांगायचं तर आम्ही त्यांना कंटाळलो होतो. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जसा कंटाळा येतो तसा. त्यांना येताना पाहिलं की लोक मशीनमागे वळायचे. मीही वळायचो.

आता माझं सांगतो. हे मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

अडतिसाव्या वर्षी मला ऐरोलीला बरी नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी मी दादांना पेढे दिले. त्यांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी खात्याचं काढलं. "खातं तिकडं वलवून घे. मोडू नको. अकरा वर्सं तू शिजवलंस, आता त्याचं तोच शिजत ऱ्हाईल." मी मान हलवली.

ऐरोलीला जेवणाच्या टेबलावर सगळे शेअरबाजारात, ऑप्शनच्या सट्ट्यात होते. कुणी सकाळी पैसे टाकून दुपारी महिन्याचा पगार काढलेला. निदान तसं सांगायचे तरी. मला वाटलं, अकरा वर्षांचे पैसे तिकडे नुसते पडून आहेत. तेव्हा पीएफ काढायला जुन्या कंपनीची सही-शिक्का लागायचा, आणि अर्जावर लिहून द्यावं लागायचं की मी दोन महिने बेकार आहे. सगळेच लिहायचे. मीही लिहिलं. नव्या कंपनीचं ओळखपत्र त्या वेळी माझ्या खिशात होतं.

अडचण फक्त दादांची होती. मग कळलं की त्यांच्या पुतण्याची हळद आहे. आगऱ्यांची हळद म्हणजे दादा दोन दिवस येणार नाहीत, हे ठरलेलं. मी बरोबर त्याच दिवशी गेलो. मॅनेजरनं न वाचता शिक्का मारला. बाहेर पडताना मी दादांच्या टेबलाकडे बघितलं नाही.

चार महिन्यांत सगळे गेले. एक दिवस असा नव्हता की ज्याला बोट लावून म्हणावं, इथे गेले. रोज थोडे जायचे, आणि गेलेले परत आणायला मी उरलेले टाकायचो. सुनीताला, माझ्या बायकोला, मी सांगितलं होतं की जुना पीएफ तसाच ठेवलाय, व्याज चढतंय. तिनं विश्वास ठेवला. पासबुक कधी मागितलं नाही.

आणि दर एक तारखेला दादांचा फोन यायचा. नोकरी सुटली तरी, पुढे ते स्वतः निवृत्त झाले तरी. "सालवी, म्हातारा कसा हाय?"

"मजेत आहे, दादा."

"बरं," म्हणायचे आणि ठेवायचे. बारा वर्षं. मी एकदोनदा फोन उचलला नाही, तर ते दोन तारखेला करायचे.

सुनीता वर्तकनगरमधल्या एका बालवाडीत शिकवते. वीस वर्षं झाली. बालवाडीत बाईंना जमिनीवर बसावं लागतं, आणि आता तिच्या गुडघ्यांना ते जमत नाही. उठताना बाकाला धरते, आणि मुलांना वाटतं बाई खेळतायत. गेल्या दिवाळीनंतर एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, मी मार्चपासून सोडते. तुमचा तो जुना पीएफ आहे ना, आता बराच झाला असेल. आपलं भागेल."

मी तिच्यासमोरची एक जुडी ओढून निवडायला लागलो.

"म्हात्रेदादांना विचारू का मी? त्यांना सगळ्यांचे आकडे पाठ असतात."

"मी विचारतो," मी म्हणालो.

आणि त्या रविवारी मी डोंबिवलीला दादांकडे गेलो. कबूल करायला गेलो असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी गेलेलो दादांना खोटं बोलायला सांगायला.

दादांचं घर जुन्या गावठाणात. चारी बाजूंनी टॉवर झालेत, मध्ये हे बैठं कौलारू. वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा बंगळुरूला. येतोय म्हणून मी फोन केलेला, तर दादांनी बोंबलाचं कालवण करून दोन ताटं मांडून ठेवलेली. मी जेवायला आलो नव्हतो, पण बसलो.

"दादा, एक काम होतं. सुनीताचा फोन येईल तुम्हाला. तिला एवढंच सांगा की माझं खातं ट्रान्सफरमध्ये अडकलंय. वर्षभर तरी लागेल म्हणावं."

दादा माझ्या ताटात भात वाढत होते. "कुटलं खातं?"

"आपल्या कंपनीतलं."

"ते तर तू मोडलास," दादा म्हणाले. "माज्या पुतन्याच्या हलदीला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी भातावर कालवण घातलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हलदीवरनं आलो ते पयलं जावक रजिस्टर बगितलं. तुजं नाव. दोन म्हैने बेकार हाय असं लिवलेलंस. आनि नव्या नोकरीचे पेढे मला तूच दिलेलेस."

"मग इतकी वर्षं दर महिन्याला विचारत काय होता?"

दादांनी बोंबलाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "जेवलास का, असं कोनाला विचारतात? जेवलेल्याला? बाकीच्यांच्या म्हाताऱ्यांचं पोट भरलेलं हाय, त्यांना मी कशाला फोन करू. तुजा उपाशी होता."

"मी मजेत आहे म्हणायचो."

"हां. माजा म्हातारा पन तसंच बोलायचा."

तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की काचेखालच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या आधी एक खरा म्हातारा होता. दादांचे वडील. शेती बिल्डरला गेली, आलेले पैसे पाच भावांत वाटले गेले, वाट्याला आले त्यात दोन मुलींची लग्नं आणि हे घर झालं. मग हात रिकामे. दादा तेव्हा नुकतेच कंपनीत लागले होते.

"एकदा सकाली मला बोलला, बाला, धा रुपये दे, तंबाखूला. मी घाईत व्हतो. बोललो, पगार झाल्याव देतो. पगार झाला, मी इसरलो. त्यानं परत मागितलं नाय. कोनाकडंच नाय. सगल्यांना सांगायला लागला, तंबाखू सोडली, आता मजेत हाय." दादा पाणी प्यायले. "मेला तवा उशीखाली डबी गावली. तंबाखूचा कन नव्हता. पन चुना ओला व्हता. रोज पानी घालून ठेवायचा."

बाहेर कुठल्यातरी टॉवरचं काम चालू होतं, त्याचा आवाज येत राहिला.

जेवणानंतर दादांनी फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात एकच फोटो होता. "ज्याचे त्याला देऊन टाकले, कोन रिटायर झाला तवा, बाकीच्यांना मी रिटायर झालो तवा. तुजा ऱ्हायलेला."

मी तो हातात घेतला. टक्कल, आठ्या, डोळ्यांखाली पिशव्या. तेवीस वर्षांपूर्वी बॉलपेननं काढलेलं सगळं जागच्या जागी आलं होतं. समोरचा दात तेवढा माझा अजून शाबूत आहे.

"पन्नास म्हंजे अजून आठ-धा वर्सं हायत," दादा म्हणाले. "आताच्या कंपनीत कापून घेतात ते वाढवून घे. पगार वाढला की परत वाढव. भात नाय मिलनार पोटभर. पेज मिलंल. आनि सुनीताला मी काय सांगनार नाय. खोटं नाय, खरं पन नाय. ते तुजं काम हाय."

घरी येऊन मी फोटो सुनीतापुढे ठेवला. तिनं चष्मा लावला. "हे कोण? तुमचे बाबा?"

"मी," म्हणालो, आणि सगळं सांगितलं. हळदीसकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नऊ दिवस कामापुरतं बोलली. दहाव्या दिवशी म्हणाली, "पैशांचं सोडा. मी गुडघे दाबत बसायचे तेव्हा तुम्ही समोर बसून बघत होतात." मार्च आला आणि गेला. ती गुडघ्यांना पट्टे बांधून शाळेत जाते. मी पगारातून जास्तीचे कापून घेतो. पेजेपुरते. फोटो फ्रिजवर आहे, तिनंच लावलाय.

डोंबिवलीहून आल्यानंतरच्या पहिल्याच एक तारखेला फोन वाजला होता.

"सालवी, म्हातारा कसा हाय?"

"उपाशी आहे, दादा."

"बरं," ते म्हणाले. नेहमीसारखे ठेवणार होते. मी म्हणालो, "दादा, थांबा. तुम्ही जेवलात का?"

तेवीस वर्षांत मी हे त्यांना कधी विचारलं नव्हतं. बहुतेक कुणीच विचारलं नसावं. पलीकडून टॉवरच्या कामाचा आवाज येत होता.

"नाय अजून," दादा म्हणाले. "एकट्यासाटी पान वाढून घ्यायचा कंटाला येतो रे."