शेवंताकाकूंचा डावा कान

आमच्या रोहिणखेडच्या गल्लीत कुकर ज्याचा त्याचा, पण शिट्ट्या मोजायच्या शेवंताकाकूंनी. मी अंगणात धुणं वाळत घालत असले की भिंतीपलीकडून हाक आलीच, "अवं सरले, तिसरी झाली! वरन जाळतं काय?" मी मुकाट जाऊन गॅस बंद करायची. मोजणी कधी चुकली नाही, हे कबूल केलंच पाहिजे.

एका सोमवारी मात्र हाक आलीच नाही आणि माझा भात खाली लागला. मी तणतणत गेले, जसा काही काकूंनीच लावला! बघते तर काकू डाव्या कानात लसणाचं तेल घालून, उजवा कान उशीत दाबून पडलेल्या.

"काल सकाळी उठली तं कान बंद. मळ असंन," म्हणाल्या.

मी ऐकते कशाची! काका अर्धांगानं खाटेवर, वाचा गेलेली. त्यांच्याजवळ माझ्या सासूबाईंना बसवलं आणि काकूंना बसनं बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर आधी तेलावरून रागावले. मळ नव्हताच. आतल्या नसेचं दुखणं वाटतं, म्हणाले.

मग काकूंना बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काकूंनी असा सपाटा लावला की डॉक्टर दार उघडून म्हणाले, "आजी, मी अजून आवाज सोडलाच नाही!"

मला हसू फुटलं. काकू मात्र रडायलाच लागल्या.

"बहिरी लिहू नका जी. काल दुपारी उजव्या कुशीवर डोळा लागला माहा. यायनं पाण्यासाठी खाटीवर चमचा वाजवला, मले ऐकू आलाच नाही. उठून पाह्यतो तं तोंड पार सुकलं होतं त्यायचं. मी बहिरी झाली तं त्यायनं कोणाले वाजवाव?"

माझ्या हसण्याची मला लाज वाटली हो.

"म्हणूनच खरं दाबा," डॉक्टर म्हणाले. "लवकर आलात. गोळ्या आजच सुरू करू. कान नक्की येईल असं सांगत नाही, पण उशीर केला असता तर आशाच कमी होती."

काकूंनी मग खरं दाबलं. डाव्या कानाला फारच थोड्या वेळा.

पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. बरंच ऐकू येतंय, डॉक्टर म्हणाले. पण काकूंचा यंत्रावर विश्वास कुठला! घरी आल्या, उजव्या कानात बोट घातलं आणि काकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"वाजवा."

काकांनी चमचा वाजवला. काकू हलल्या नाहीत. काकांनी घाबरून दणादणा वाजवला.

"हळू वाजवा ना," पदरानं डोळे पुसत काकू म्हणाल्या, "बहिरी समजले काय मले?"